मेलेल्यांच्या पगाराचे वकील

साहेबाने तिसऱ्यांदा विचारलं, "नवऱ्याचं नाव?" आणि माझं तोंड उघडेना.

उरणच्या कचेरीत भर दुपारी मी उभी होते. कडेवर दोन वर्षांची यमू. समोर टेबलापलीकडे आगबोट कंपनीचा साहेब, माझ्या अर्जावरून मुंबईहून खास चौकशीसाठी आलेला. महालकऱ्याने त्याला बसायला एक खोली दिली होती. बाजूला माझा दीर बाळाराम, नवा सदरा घालून. माझा नवरा या कंपनीच्या बोटीवर खलाशी होता. दोन महिन्यांपूर्वी तो तापाने गेला. त्याच्या पगारातून दरमहा कापून कंपनीने फंड साठवला होता. तो बायकोला द्यायचा की भावाला, एवढीच गोष्ट होती. मला मिळाला तर मी आणि यमू आपल्या चुलीवर राहणार. दिराला मिळाला तर आम्ही दिराच्या दारात, आणि जावेचं तोंड कसं आहे ते साऱ्या आळीला ठाऊक होतं.

आणि मी नाव घेत नव्हते. आमच्यात बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. तो मेल्यावरही नाही. नाव देवाचं असलं तर त्या देवाचंही घ्यायचं नाही, म्हणून लग्नापासून मी नाक्यावरच्या देवळाला 'ते पिंडीचं देऊळ' म्हणत होते.

"साहेब, बोलत न्हाय म्हंजे काय?" दीर म्हणाला. "त्याची बायको असती तर बोलली नसती? भांडी घासायला ठेवलेली बाय हाय ही."

चार वर्षं माझ्या हातचं जेवलेला माणूस हे बोलत होता. माझ्या मागे बाकावर माझे वकील बसले होते. त्यांना मध्ये बोलायची मनाई होती, म्हणून ते छत्रीच्या टोकाने माझ्या टाचेला टोचत होते.

या वकिलांविषयी आधी सांगते. साहेब थांबेल. तो सावलीत बसला आहे.

त्यांना सगळे पेन्शनवकील म्हणत. तालुक्यातले बाकीचे वकील जमिनीचे, बांधाचे, मिठागराच्या हद्दीचे खटले चालवत आणि माडीची घरं बांधत. हे मात्र फक्त पेन्शन, फंड आणि नोकरी सुटल्यावर मिळणारं बक्षीस, एवढंच बघत. बाकीचे त्यांना हसत. म्हणत, हा मेलेल्यांच्या पगाराचा वकील. यांचं उत्तर ठरलेलं होतं. "जमीन कुठे पळून जात नाही. म्हातारा पळतो. आधी म्हाताऱ्याचं बघू द्या."

कोणीही भेटो, त्यांचा पहिला प्रश्न एकच. "नोकरी कायम की हंगामी?" लहान-मोठा बघायचे नाहीत. नवरदेव बोहल्यावर उभा असला तरी अक्षता टाकता टाकता विचारायचे. आमच्या आळीतल्या एकाने मुलीसाठी आलेल्या स्थळाची पत्रिका त्यांना दाखवली, तर म्हणाले, "गुण छत्तीस जुळतात हो, पण मुलगा कंत्राटी आहे. त्यापेक्षा मंगळ परवडला." भादव्यात कोणाकडे गणपती बघायला गेले की हात जोडून उभे राहत आणि यजमानाला हळूच सांगत, "बाप्पाचं मला वाईट वाटतं. इतकी वर्षं येतो, पण दर साली दहाच दिवस. सेवेत खंड पडतो. कसली पेन्शन मिळणार?"

'खंड पडता कामा नये' हे तर त्यांचं जपासारखं चालू. चहात खंड नको, औषधात खंड नको. दोन बाया नळावर भांडत असल्या तर हे थांबून ऐकायचे आणि एक दमली की म्हणायचे, "अगो, खंड पाडू नकोस, रंगात आलं होतं."

अंगात काळा कोट, खाऱ्या हवेने हिरवा पडलेला. खाली धोतर, पायात कधी वहाणा, कधी नुसताच चिखल. अशिलांकडे पैसे नसत, म्हणून फी सुकटीत नाहीतर बोंबलांत मिळे. ती ते कोटाच्या खिशात घालून घरी नेत. पनवेलच्या कोर्टात ते बोलायला उठले की कोर्टातलं मांजरही उठायचं आणि त्यांच्या पायाशी येऊन बसायचं. मुन्सफ म्हणे एकदा म्हणाले, वकीलसाहेब, आपला साक्षीदार आला.

महिना संपत आला की ते घरोघर फिरायचे, पेन्शनवाले म्हातारे जिवंत आहेत ना ते बघायला. आमच्या मागच्या मोहल्ल्यात दाऊदचाचा म्हणून कस्टमच्या होडीवरचे एक जुने तांडेल होते. एका महिन्याच्या अठ्ठावीस तारखेला त्यांची घरघर लागली. मुलं-सुना भोवती बसली, मौलवी आले. तेवढ्यात वकील घुसले आणि उशाशी बसून म्हणाले, "चाचा, दोन दिवस दम धरा. महिना पुरा करा, मग मोकळे."

चाचांनी डोळे उघडले. "वकील, सुकानं मरू पन देनार न्हाय काय? अल्ला बोलावतोय."

"अल्लाला सांगा, एक तारखेनंतर."

"अरे, तुझ्या पेन्शनीच्या..." असं म्हणून चाचा संतापाने उठून बसले. त्यांना पाणी दिलं, पेज दिली. त्यानंतर सहा वर्षं जगले आणि सहाही वर्षं वकिलांना शिव्या देत होते. वकील खूश. म्हणायचे, "राग हे उत्तम औषध. सरकारला मात्र महाग पडतं."

नवरा गेल्यावर मी त्यांच्याकडे गेले ती दाऊदचाचांच्या सुनेने सांगितलं म्हणून. वकिलांनी मला बसायला सांगितलं नाही की काही नाही. एकदम डोक्याला टॉवेल गुंडाळला, खुर्चीवर ताठ बसले आणि जाड आवाज काढून म्हणाले, "टुमचा नवऱ्याचा नाव काय हाय?"

मी घाबरून दाराबाहेर आले. बाहेर दोन विधवा बायका बसल्या होत्या. त्यांतली एक म्हणाली, "जा गो आत. तालीम हाय ती."

मग मला कळलं. आमच्या बाया कचेरीत उभ्या राहतात आणि नाव घेत नाहीत. कारकून लिहितो, 'बाई सांगत नाही, ओळख पटत नाही,' आणि कागद परत जातो. वकिलांचे असे किती खटले बुडाले होते. म्हणून त्यांनी ही शाळा काढली होती. आधी परसातल्या रिकाम्या रांजणात तोंड घालून नाव घ्यायचं. ते जमलं की माडाच्या झाडाला सांगायचं. मग टॉवेलवाल्या साहेबाला. शेजारच्या काकूंनी एकदा कुंपणावरून बघितलं तर एक बाई रांजणात डोकं घालून उभी आणि मागे तीन बाया रांगेत. त्यांना वाटलं, वकिलांनी भगताचा धंदा सुरू केला.

मी रांजणापर्यंत गेले. तोंड आत घातलं. आत गार होतं आणि मातीचा वास होता. नाव काही आलं नाही. वकील माझ्यावर करवादले.

"अगो, मराठी चार यत्ता शिकलीस ना? सही करतेस ना? मग चार अक्षरांनी काय घोडं मारलंय?"

"तुमी घ्या तुमच्या बायकोचा नाव," मी म्हटलं.

"मला बायकोच नाही," ते म्हणाले. "लग्नाच्या वेळेला माझी वकिली हंगामी होती."

आठ दिवस मी रोज गेले. माडाला सांगितलं नाही, टॉवेलवाल्याला सांगितलं नाही. नवव्या दिवशी साहेब आला. तेव्हा आता कचेरीत चला, तो खोळंबला आहे.

"शेवटचं विचारतो, बाई," साहेब म्हणाला. "नवऱ्याचं नाव?"

माझी मान खालीच. छत्री टाचेत रुतली होती.

"लिवा साहेब," दीर म्हणाला. "माझ्या भावाला बायको नव्हती. पोर पन कोनाची कोनास ठाव."

हे त्याने बोलायला नको होतं. मला राग आला की माझा आवाज सुटतो, माहेरी मला त्यावरून मार बसायचा. मी यमूला टेबलावर बसवलं, साहेबाच्या कागदांवर, आणि ओरडले, "महादेव लक्ष्मण म्हात्रे! मी त्याची लग्नाची बायको, आन ही त्याची पोर!"

बाहेर व्हरांड्यात पट्टेवाला दुपारच्या पेंगेत होता तो खडबडून जागा झाला. त्याला वाटलं, आतून पुकारा करायला सांगितलं. त्याने मैदानाकडे तोंड करून तीनदा खणखणीत पुकारलं, "महादेव लक्ष्मण म्हात्रे, हाजिर हो!"

कोणी हाजिर झालं नाही.

साहेबाने चष्मा पुसला. यमूने त्याची दौत लवंडली. तो म्हणाला, "बरं, निकाल मागाहून कळवू," आणि आम्ही बाहेर पडलो. वकील मागे थांबले. मी पायरीवर बसून यमूचे निळे हात पदराने पुसले. बऱ्याच वेळाने ते आले. मी विचारलं, "कसं झालं?" म्हणाले, "फार छान झालं. पहिल्या नंबराचं." त्यांना मी कोणाला नंबर देताना कधी ऐकलं नव्हतं.

पंधरा दिवसांनी ते माझ्या दारात आले. हातात एक छापील कागद, वर छोटी आगबोट काढलेली. "हुकूम आला. फंड तुझ्या नावे. पण एकदम द्यायचा नाही, दरमहा द्यायचा असं ठरलंय. पाच तारखेला मी आणून देईन. तू वहीत सही करायची."

"बगू. मला वाचता येतं."

"इंग्रजी आहे."

मी कागद जपून देव्हाऱ्यात ठेवला. दसऱ्याला त्याला फूल वाहत होते.

दीर काही बोलला नाही. उलट रस्त्यात भेटला की खाली बघून जायचा. मला वाटलं, हरला म्हणून तोंड लपवतो. पुढल्या हंगामात त्याने नवी होडी घेतली. तिला पैसे कुठून आले असा विचार मी केला होता, पण फार केला नाही. मिठाच्या सत्याग्रहाच्या आधीचं वर्ष होतं ते. पुढे गावात इतकं काय काय झालं की दिराच्या होडीकडे बघायला कोणाला वेळ नव्हता.

पाच तारखेला वकील येत. धरपकडी झाल्या तेव्हाही आले, मोरा बंदराकडची वाट पाण्याने तुटली तेव्हा गुडघाभर चिखलातून आले. त्यांना ताप होता तेव्हा घोंगडी पांघरून आले आणि आपलं नाक पुसत म्हणाले, "खंड नको." पैसे ठेवायचे, सही घ्यायचे, चहा प्यायचे. मग जायचे नाहीत. यमूची पाटी बघायचे, तिला पाढे विचारायचे. मी मिठागरावर टोपल्या वाहायला जात होते, भाजी लावत होते, त्यात ही रक्कम मिळून आमचं नीट चालत होतं. कोणाच्या दारात उभं राहावं लागलं नाही.

यमू मराठी शाळेत पहिली आली तेव्हा वकिलांनीच हट्ट धरला, हिला इंग्रजी शिकवायचं. मी म्हटलं, आगऱ्याच्या पोरीला इंग्रजी कशाला? ते म्हणाले, "सरकारचे सगळे कागद इंग्रजीत असतात. बाईला आपला कागद वाचता आला पाहिजे." कागद वाचता आला पाहिजे, असं स्वतःच्या तोंडाने म्हणाले. माझी मावशी पनवेलला होती, तिच्याकडे यमूला ठेवली.

तिसऱ्या वर्षी यमू दिवाळीला घरी आली. मी देव्हारा पुसायला काढला होता. तिने कागद उचलला आणि वाचायला लागली. मग हसायला लागली.

"आई, याला फूल कशाला वाहतेस? हे बोटीचं वेळापत्रक आहे. सकाळची बोट किती वाजता, दुपारची किती वाजता."

"नीट वाच. हुकूम आहे तो."

"कोंबड्यांच्या खुराड्याला वेगळा आकार. कुत्र्याला अर्धं तिकीट."

मी तिला तीन वेळा वाचायला लावलं. तिन्ही वेळा कुत्र्याला अर्धंच तिकीट निघालं.

मी तशीच निघाले. वकील परसात दगडावर बसून एकटेच तांदूळ निवडत होते. मी कागद त्यांच्या सुपात टाकला.

"वकीलकाका, हे काय?"

त्यांनी चष्मा लावला, कागद बघितला, चष्मा काढला. "यमूला इंग्रजी चांगलं यायला लागलं."

"कुत्र्याला अर्धं तिकीट लिवलंय."

"हो. साखळीने बांधलेला असेल तर."

"फंड कोणाला गेला?"

"बाळारामला."

"म्हंजे ती होडी?"

"त्यातलीच."

"मी तर नाव घेतलं," मी म्हटलं.

"तू घेतलंस," वकील म्हणाले. "त्याने तुझं घेतलं नव्हतं." ते सुपातले खडे वेचत बोलत होते, माझ्याकडे बघत नव्हते. "लग्न झाल्यावर कंपनीच्या कारकुनाने त्याला विचारलं होतं. फंडाच्या कागदावर भावाचं नाव आहे, ते काढून बायकोचं घालायचं का? नाव सांग. मागे चार खलाशी रांगेत उभे. तो लाजला. म्हणाला, राहू द्या भावाचंच. कारकुनाने शेरा मारून ठेवला होता, 'बायकोचं नाव सांगत नाही.' तू बाहेर पायरीवर होतीस तेव्हा साहेबाने मला तो कागद दाखवला. ज्याचं नाव त्याला फंड, असा कंपनीचा नियम. साहेबाचाही इलाज नव्हता."

महादू लाजराच होता. चार माणसांत माझ्याकडे बघायचाही नाही.

"मग मला तेवाच का न्हाय सांगितलंत?"

"पट्टेवाल्याने पुकारा केला ना," ते म्हणाले, "तेव्हा तू दाराकडे बघितलंस."

"मी न्हाय बगितलं."

"बरं. नाही बघितलंस."

बराच वेळ ते खडे वेचत होते. आता सुपात खडा नव्हता.

"पुढच्या महिन्यापासून पैसे बंद," मी म्हटलं. "माझं मिठागराचं पुरतं. तुमच्या वाडीतले चार माड विकले गेले ते मी बगितलेत. आता कळलं कशाला विकले."

"यमूची शाळा आहे अजून."

"बंद म्हंजे बंद."

साऱ्या तालुक्याला वाद घालून दमवणारा माणूस सूप मांडीवर घेऊन बसून राहिला. मग म्हणाले, "मग पाच तारखेला मी कशाला येऊ?"

"चहाला या."

"नुसता?"

"नुसते. मानसं येतात तशी."

त्यांनी विचार केला. "तसा मी कधी कोणाकडे गेलो नाही गो," ते म्हणाले. "मी जातो ते कागद घेऊन."

पाच तारखेला आले. वही नव्हती म्हणून हात कुठे ठेवावेत हे त्यांना कळेना, सारखे कोटाच्या खिशात घालत आणि काढत. मी बशी हातात दिली तेव्हा जरा सुधारले. चहा झाला तरी उठले नाहीत. मी भाकरी आणि करंदीची आमटी वाढली. जेवले, अंधार पडायच्या आत घरी गेले. पुढल्या पाच तारखेलाही आले. मग पाच तारीख नसतानाही येऊ लागले.

ते गेले त्याला बरीच वर्षं झाली. दीर त्यांच्या आधी गेला, होडी त्याच्याही आधी. तो साहेब आणि तो पट्टेवाला तेव्हाच म्हातारे होते. त्या दुपारी तिथे होतो त्यांतल्या आता आम्ही दोघीच आहोत, मी आणि यमू.